दर सातवा दिवस

"चौदाव्या पानावर फोटो हवाय," बेंद्रे म्हणाला. "रिकामे कॅन, गंजका पत्रा, जमलंच तर एखादं झोपलेलं कुत्रं. उद्या सकाळी जाऊन घेऊन ये."

शुक्रवारची दुपार होती. सांगलीतल्या हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो होतो. पडद्यावर चौदावं पान होतं. वर ठळक मथळा होता, 'अकरा उपकेंद्रे बंद करावीत', आणि त्याखाली एक कोरी चौकट.

"कुठल्या केंद्राचा?" मी विचारलं.

"सर्वांत वाईट कुठलं?"

"कोळेवस्ती. दिवसाला सरासरी एकेचाळीस लिटर."

"मग कोळेवस्ती. आणि प्रोफेसर, लवकर जा. दूध सकाळी घालतात."

मी प्रोफेसर नव्हते. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत नऊ वर्षं संशोधन सहायक होते, एवढंच. पण सल्लागार कंपनीत अर्थशास्त्रातून आलेली मी एकटी, म्हणून पहिल्याच दिवशी बेंद्रेने मला ते नाव देऊन टाकलं. त्याचं नाव आशुतोष. तिथे सगळे एकमेकांना एकेरी हाक मारत, वयाने, हुद्द्याने कितीही मोठा असला तरी. मला ते जमेना. "सर" म्हटलेलं त्याला खपत नसे आणि "आशुतोष" माझ्या तोंडून बाहेर पडत नसे. जवळजवळ सहा महिने मी त्याला कुठलीच हाक न मारता काम भागवलं होतं.

ते सहा महिने संपायला आठवडा उरला होता. कंपनीत मी प्रोबेशनवर होते. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे बेंद्रे ठरवणार होता. तिकडे संस्थेतली माझी बिनपगारी रजाही सहा महिन्यांचीच. ती केळुसकर सरांची युक्ती. मी राजीनामा घेऊन गेले तेव्हा त्यांनी तो वाचलाही नव्हता.

"रजेवर जा," ते म्हणाले होते. "सहा महिन्यांत कंटाळशील. तिथे म्हणे उत्तर आधी लिहितात आणि मग आकडे शोधतात. मग लोक त्यांना विचारायला कशाला जातात, तेवढं मला कळव."

सर तिरकस बोलत, पण खोटं बोलत नसत. कंपनीत पानं खरंच आधी तयार होत. वर निष्कर्ष लिहायचा, खाली जागा सोडायची. पहिल्या आठवड्यात मला ते पाप वाटलं होतं. पण मी संस्था सोडली त्यालाही कारण होतं. आमचा चाऱ्याच्या भावांचा अहवाल निर्दोष होता. त्यातली एकही बेरीज कुणाला खोडता आली नसती. तो छापून आला तेव्हा जनावरांच्या छावण्या उठून चौदा महिने झाले होते.

आता काम एका तालुका दूध संघाचं होतं. संघाखाली गावोगावच्या संस्था, आणि संस्थांखाली वाड्या-वस्त्यांवरची अडतीस उपकेंद्रं. संघाला संस्थेचा एकूण आकडा माहीत असे. कुठल्या वस्तीवरून किती दूध आलं, ते मात्र फक्त उपकेंद्राच्या लांबड्या वह्यांत. वर्षभराच्या वह्यांचे गठ्ठे गोदामात पडले होते. सगळ्या उतरवून काढायच्या तर दोन महिने लागले असते. आमच्याकडे दोन टंकलेखक आणि तीन आठवडे होते.

"सगळ्या कशाला?" मी बैठकीत म्हणाले होते. "आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करू आणि दर सातवा दिवस उतरवू. त्रेपन्न दिवस होतात. पुरेसे आहेत."

बेंद्रेने टेबलावर थाप मारली होती. "शाबास! बघा, प्रोफेसर आपल्यासारखा विचार करायला लागल्या."

सहा महिन्यांतली ती माझी पहिली शाबासकी. तिच्या जोरावर मी तीन आठवडे काढले.

शनिवारी सकाळी पावणेसातला गाडी कोळेवस्तीवर पोचली. जूनचा पहिला आठवडा सरला होता, पण त्या पूर्वेकडच्या पट्ट्यात पावसाचा पत्ता नव्हता. बाभळी, दगडी बांध, मधूनच मेंढरांचा वाडा. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली. मी कॅमेरा काढून गाडीतून उतरले आणि तशीच उभी राहिले.

केंद्रासमोर रांग होती. किटल्या, बादल्या, सायकलला अडकवलेले कॅन. मी मोजली. सेहेचाळीस माणसं.

नीट बघावं म्हणून पुढे गेले तर मागून आवाज आला, "ओ ताई, मधे शिरू नगासा. लायनीत या."

"आरं, त्यांच्याकडं किटली कुठं हाय?" दुसरा म्हणाला.

"आसंल पिशवीत. शहरातली म्हस हाय, पिशवीतच देती."

रांग हसली. मीही हसले. आत एक पन्नाशीची बाई दूध मापून घेत होती. एका हाताने माप ओतायची आणि दुसऱ्याने वहीत आकडा टाकायची. मान वर न करता तिने विचारलं, "कुठनं आलासा?"

"सांगलीहून. संघाच्या कामाला. तुम्ही इथल्या सचिव का?"

"तानूबाई कोळेकर. सचिव मीच, झाडूवाली बी मीच. बसा त्या कॅनवर. एवढी लाईन उरकू द्या."

लाईन उरकायला पाऊण तास लागला. मी कॅनवर बसून प्रत्येक माप मनात मिळवत होते. तानूबाईंनी वहीत बेरजेची रेघ ओढली तेव्हा माझा आकडा तयार होता. तीनशे बारा लिटर. एका सकाळचे.

"आज काही विशेष आहे का?" मी विचारलं. "सण, लग्न?"

"न्हाई. रोजचंच हाय."

"रोज एवढं दूध येतं?"

"सांजच्याला थोडं कमी पडतंय. दोन्ही येळचं मिळून साडेपाचशे, सहाशे." त्यांनी पदराला हात पुसले. "आन फोटू कशाचा काढतासा?"

मी कॅमेरा पिशवीत घातला. "केंद्राचा. पण आज गर्दी होती. उद्या येते."

"उद्या?" तानूबाई हसल्या. "उद्या येऊन काय करतासा? उद्या हितं कावळा बी नसतोय."

"का?"

"उद्या आईतवार न्हवं का? आईतवारचं दूध आम्ही इकत न्हाई. ते बिरोबाचं. देवळात खीर हुती, उरलेलं पोरासोरांच्या पोटात जातंय. धा-पाच घरं दुसऱ्या देवाची हाईत, तेवढीच काय ती घालत्यात."

"फक्त तुमच्याच वस्तीवर?"

"ह्या पट्ट्यातल्या समद्या धनगर वस्त्यांवर. माझ्या आज्जेसासूच्या आधीपास्नं."

मी जागची उठले. दाराशेजारी दिनदर्शिका टांगली होती. "मागच्या वर्षीची आहे का हो?"

"हाय की. त्याच्याच खाली. मागल्या बाजूला हिशेब लिवायला बरी पडती."

चालू वर्षाची पानं वर धरून मी खालची, गेल्या वर्षीची काढली. एप्रिल उघडला. आमच्या त्रेपन्न तारखा मला पाठ होत्या. एक एप्रिल. आठ. पंधरा. बावीस. एकोणतीस. माझं बोट सरळ रेषेत खाली आलं. सगळ्या तारखा लाल शाईतल्या. मे उघडला. सहा, तेरा, वीस, सत्तावीस. लाल. पुढची पानं उलटायची गरज नव्हती, तरी मी डिसेंबरपर्यंत उलटली, आणि मग चालू वर्षाची मार्चपर्यंत.

वर्षाची सुरुवात रविवारी झाली होती, आणि मी सात-सातच्या उड्या मारत वर्षभर रविवारावरच पडत गेले होते. ज्या गावांत रविवार इतर दिवसांसारखाच, तिथले आकडे बरोबर आले. ज्या अकरा वस्त्या रविवारी दूध विकत नाहीत, त्या आमच्या तक्त्यात मरून पडल्या. तक्त्यात मी तारखांऐवजी दिवसांचे क्रमांक घातले होते. पहिला, आठवा, पंधरावा. त्यामुळे वार कुणाच्या नजरेसच पडला नाही.

हे नवख्याकडून झालं असतं तर वेगळं. संस्थेत विद्यार्थ्यांना नमुना कसा घ्यावा हे मीच शिकवत असे. आठवड्याची लय असलेल्या गोष्टीत सातची उडी कधी मारू नका, हे वाक्य माझ्याच टिपणांत होतं.

"काय झालं, ताई?" तानूबाईंनी विचारलं. "तोंड उतरलं तुमचं."

"तानूबाई, तुमचं केंद्र बंद झालं तर हे लोक दूध कुठे घालतील?"

"मोठ्या गावाला. साडेसहा किलोमीटर." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बंद करणार हाय व्हय कोण?"

मी दिनदर्शिका मिटून त्यांच्याकडे परत दिली. मागच्या वर्षीच्या दिनदर्शिकेतलं एप्रिलचं पान त्यांनी टर्रकन फाडलं आणि माझ्या हातात दिलं. "घ्या. लई बघत हुतासा."

परतीच्या दीड तासात मला एक गोष्ट पुन:पुन्हा सुचत होती. रविवारी सकाळी आले तर फोटो मिळेल. अगदी खराखुरा. रिकामे कॅन, बंद पत्रा, कुत्रंसुद्धा. सोमवारी संघाचं संचालक मंडळ आमची यादी मान्य करेल, आठवड्याभरात बेंद्रे मला कायम करण्याच्या पत्रावर सही करेल. त्रेपन्न तारखांचे वार कोण बघायला जातंय?

साडेदहाला बेंद्रे हॉलमध्ये कोरा चहा पीत होता.

"मिळाला फोटो?"

"नाही. सेहेचाळीस माणसांची रांग मिळाली."

मी एप्रिलचं पान त्याच्या कपाशेजारी ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. साखरेची एक पुडी घेऊन तिच्या बारीक बारीक घड्या घालत राहिला.

"सातवा दिवस तूच सुचवला होतास," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"मी शाबास म्हणालो होतो."

"हो."

"ती परत घेतो." पुडी त्याने बशीत टाकली. "किती जणांना माहीत आहे?"

"तुम्हाला आणि मला."

"उद्या रविवार. उद्या फोटो मिळेल, नाही का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत होता की माझी परीक्षा बघत होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

"मिळेल," मी म्हणाले. "पण मी काढणार नाही."

"बरं. मग काय करायचं म्हणतेस?"

"नमुना पुन्हा घ्यायचा. अडतीसही केंद्रांचा. नीट केलं तर तीन आठवडे."

"आणि सोमवारची बैठक?"

"पुढे ढकलायची."

"ढकलू. सोपं आहे." तो खुर्चीत मागे रेलला. "तुला संघाचे एमडी ठाऊक आहेत. पूर्वेकडची टँकरची लाईन त्यांना दोन वर्षांपासून बंद करायचीय. लांबचा रस्ता, खराब रस्ता. आपलं ऐकायचं म्हणून मंडळाने त्यांना सोमवारपर्यंत थांबवलंय. सोमवारी आपण हात वर केले, तर ते अकराच्या ठिकाणी चौदा केंद्रं बंद करतील आणि तुझा नमुना येईपर्यंत तिथल्या म्हशी विकल्या गेलेल्या असतील. तुमच्या त्या चाऱ्याच्या अहवालाचं काय झालं होतं? मुलाखतीत तूच सांगितलंस."

मी एप्रिलचं पान उचलून हातात घेतलं.

"चूक सापडली, चांगलं झालं. पण चूक सापडणं म्हणजे उत्तर नव्हे, प्रोफेसर. सोमवारी सकाळी अकरा वाजता आपल्याला खरं असं काय सांगता येईल? थोडं असलं तरी चालेल. पण खरं पाहिजे आणि अकराला पाहिजे."

नऊ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आमच्याकडे खऱ्याला वेळेची अट नसे.

"अडतीसची गरज नाही," मी सावकाश म्हणाले. "सत्तावीस केंद्रांत रविवाराने फरक पडत नाही. शंका फक्त अकरांबद्दल आहे. तिथले सगळे दिवसही नकोत. महिन्याला दोन तारखा, चिठ्ठ्या टाकून काढलेल्या. चोवीस गुणिले अकरा. दोनशे चौसष्ट नोंदी."

"वह्या?"

"गेल्या वर्षीच्या गोदामात आहेत. पण गोदामाची किल्ली एमडींकडे, आणि ते उद्या..." मी थांबले. "केंद्रांवर दुसरी प्रत असते. कार्बनची."

"अकरा वस्त्या, एक दिवस. सचिव भेटतील?"

तेव्हा मला हसू आलं. "उद्याच भेटतील. उद्या त्यांना सुट्टी आहे. सगळे एकाच ठिकाणी असतील."

"तुझ्या कायम होण्याचं पत्र माझ्या बॅगेत आहे," मी दारापर्यंत गेले तेव्हा तो म्हणाला. "सही केलेली नाही. सांगून ठेवलेलं बरं."

"मला माहीत आहे, आशुतोष," मी म्हणाले, आणि बाहेर पडल्यावर लक्षात आलं की मी त्याला हाक मारली होती.

तानूबाईंकडे मोबाइल होता. फोनवर मी त्यांना झालं ते जसंच्या तसं सांगितलं, यादीसकट.

"म्हंजे तुम्ही आम्हाला आईतवारीच बघितलं," त्या म्हणाल्या. "पोरगी बघायला यावं आन ती झोपल्यावर बघून जावं, तसं झालं की हे."

"तसंच झालं."

"या सकाळी देवळाकडं. वह्या आणायला सांगते समद्यांस्नी. न्हाई आणणार त्याला खीर न्हाई."

रविवारी नऊ वाजता बिरोबाच्या देवळाबाहेर चिंचेखाली आम्ही घोंगडी अंथरली. अकरा वस्त्यांचे सचिव आले. कुणी वही गोणपाटात आणली होती, कुणी सदऱ्याच्या आत. मी एक ते एकतीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून किटलीच्या झाकणात टाकल्या. मी स्वतः काढणार नव्हते. माझ्या हातावर माझा विश्वास उरला नव्हता.

"तुम्ही काढा," मी तानूबाईंना म्हणाले. "प्रत्येक महिन्याच्या दोन."

"लाटरी हाय व्हय?" एक म्हातारा सचिव म्हणाला. "लागली तर काय मिळतंय?"

"लागली तर तुझं केंद्र ऱ्हातंय," तानूबाईंनी त्याला गप्प केलं.

बारा महिन्यांच्या चोवीस चिठ्ठ्या निघाल्या. मग एकेक वही उघडायची, तारीख शोधायची, सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा. मी लिहायची, तानूबाई शेजारी बसून मोठ्याने वाचायच्या, आणि ज्याची वही त्याने मान हलवायची. अधूनमधून कुणीतरी मला खिरीची वाटी आणून देई. पहिल्या तीन मी नाकारल्या. चौथीला तानूबाई म्हणाल्या, "खावा. ह्याच दुधानं घोळ घातलाय, चव तर बघा."

चार वाजता दोनशे चौसष्ट नोंदी पूर्ण झाल्या. अकरापैकी नऊ केंद्रं चांगली चालू होती. सरासरी तीनशे लिटरच्या खाली एकही नव्हतं. दोन मात्र खरंच खंगली होती. कुठलीही तारीख काढा, साठ-सत्तर लिटरच्या वर दूध नाही. त्या दोघांतला एक सचिव समोरच बसला होता. मघाचा लॉटरीवाला म्हातारा.

मी आकडा सांगायला तोंड उघडलं, पण तोच म्हणाला, "मला ठाव हाय, ताई. वस्ती उठून कॅनॉलच्या कडंला गेली. मीच ऱ्हायलोय. खरं हाय ते लिवा."

मी लिहिलं.

वह्या परत देताना एक गोष्ट राहून गेल्यासारखं वाटलं. "रविवारी टँकर येतो का इकडे?" मी विचारलं.

"येतोय की. रोज येतोय," तानूबाई म्हणाल्या. "आईतवारी तळाला हलत्यालं दूध घिऊन जातोय. डायवर म्हणतो, आवाज लई येतोय."

सोमवारी अकराला संघाच्या सभागृहात मंडळाची बैठक सुरू झाली. टेबलाच्या एका टोकाला अध्यक्ष दिनकरअण्णा, सत्तरीचे, फेटा मांडीवर काढून ठेवलेला. शेजारी एमडी. माझ्या पायाशी गोणी होती. अकरा वह्या मी सह्या करून मागून आणल्या होत्या.

आत जाण्याआधी बेंद्रे म्हणाला होता, "नवे आकडे सांग. चूक कशी झाली ते सांगायलाच हवं असं नाही. विचारलं तर बघू."

मी चौदावं पान दाखवलं. कोरी चौकट आता भरलेली होती. मथळा बदलला होता: 'दोन उपकेंद्रे बंद करावीत.'

एमडी खुर्चीत पुढे सरकले. "दोन? तुमच्या माणसांनी तीन आठवडे माझं गोदाम अडवून ठेवलं ते दोनासाठी? पूर्व लाईनला दूधच नाही, हे शेंबडं पोरही सांगेल."

"आणि ह्यांनी त्रेपन्न दिवसांचे आकडे उतरवून नेले होते," अण्णा शांतपणे म्हणाले. "आमच्या गोदामवाल्याने मोजलेत. मग आता हे चोवीस दिवस कुठून आले? त्या त्रेपन्नांचं काय झालं?"

बेंद्रे माझ्याकडे बघत नव्हता. तो समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता.

"ते सगळे रविवार होते, अण्णा," मी म्हणाले. "त्रेपन्नच्या त्रेपन्न. दर सातवा दिवस घ्यायचा हे मी ठरवलं आणि वार बघितले नाहीत. पूर्वेकडच्या वस्त्या रविवारचं दूध विकत नाहीत. परवापर्यंत आमच्या यादीत अकरा केंद्रं होती. ती यादी चुकीची होती. चूक माझी."

टेबलाच्या कडेला बसलेल्या एका संचालकाने खोकल्यासारखं काहीतरी केलं, आणि पुढच्या क्षणी तो हसतोय हे सगळ्यांच्या लक्षात आलं. पाठोपाठ बाकीचे. अण्णा हसले नाहीत.

"वह्या आणल्यात?"

"आणल्यात."

मी गोणी टेबलावर ठेवली. अण्णांनी हात घालून एक वही ओढली. कोळेवस्तीची. चष्मा लावून त्यांनी मधलंच एक पान उघडलं.

"सतरा ऑगस्ट. वार काय होता?"

"शुक्रवार," मी म्हणाले. दोन दिवसांत मी सबंध वर्षाचे वार पाठ केले होते.

"पाचशे अठ्ठ्याऐंशी." त्यांनी पान उलटलं. "एकोणीस ऑगस्ट?"

"रविवार."

"अडतीस." वही त्यांनी एमडींपुढे सरकवली. "हे घ्या. शेंबड्या पोराला दाखवा."

"आणखी एक आहे," मी म्हणाले. "रविवारी पूर्व लाईनला टँकर जवळजवळ रिकामा परत येतो. जी घरं त्या दिवशी दूध घालतात त्यांचं एका कूलरमध्ये ठेवता येईल, सोमवारी उचलता येईल. वर्षाला बावन्न फेऱ्या वाचतात. लाईन महाग पडते ती बरीचशी त्या फेऱ्यांमुळे."

अण्णांनी एमडींकडे पाहिलं. "रविवारी आपण टँकर का पाठवतो?"

"रोजच पाठवतो, अण्णा."

"ते झालं. का पाठवतो?"

एमडींनी समोरची वही मिटली. अण्णांनी फेटा उचलून डोक्यावर ठेवला. नऊ केंद्रं राहिली.

बाहेर गाडीशी बेंद्रेने बॅग उघडली, पत्र काढलं आणि वह्यांच्या गोणीवर ठेवून सही केली. गोणपाट खडबडीत, त्यामुळे सही वाकडी आली.

"मुलाखतीत म्हणाली होतीस, उत्तरं लवकर मिळावीत म्हणून इकडे येतेय."

"हो. चूकही लवकर मिळाली."

"ते आमच्याकडे मोफत असतं," तो म्हणाला. मग पत्र देताना, "वह्या पोचवून ये, हेमांगी." त्यानंतर त्याने मला प्रोफेसर म्हटलं नाही. थोडी चुटपुट लागलीच.

कोळेवस्तीच्या वाटेवर गाडी थांबवून मी केळुसकर सरांना फोन लावला. चूक आधी सांगितली.

"दर सातवा दिवस?" सर म्हणाले. "तू?"

"मी."

मग त्यांचा ठेवणीतला कोरडा आवाज. "पुढे?"

मी पुढचं सांगितलं. चिठ्ठ्या, चिंच, दोनशे चौसष्ट नोंदी, नऊ केंद्रं.

"किती दिवसांत केलंस?"

"एका दिवसात, सर."

"नमुना लहान आहे."

"आहे."

"तक्रारीला जागा आहे."

"आहे, सर."

पलीकडे पेनाला टोपण लावल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, "आपल्याकडे हे निर्दोष झालं असतं. आठ महिने लागले असते. तोवर ती केंद्रं बंद झाली असती." आणि थोड्या वेळाने, "लोक तिकडे विचारायला कशाला जातात, ते कळवलंस. बरं झालं."

"सर, माझी रजा संपतेय. आता..."

"राजीनामा पाठव. नीट टाइप करून पाठव, मागचा हाताने लिहिलेला होता. आणि परत येशील तेव्हा अर्जही नीट टाइप करून पाठव."

"परत येईन असं वाटतं तुम्हाला?"

"इथे दर सातवा दिवस घ्यायचा नाही हे शिकवायला कुणीतरी लागेलच ना," सर म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

मी अकरा वर्षं त्या कंपनीत राहिले. बेंद्रे निवृत्त झाला तेव्हा त्याच्या जागी आले. मग एका जूनमध्ये संस्थेची जाहिरात वाचली. क्षेत्रीय सर्वेक्षण शिकवायला माणूस हवा होता. सर तोवर निवृत्त होऊन कोकणात गेले होते. अर्ज मी नीट टाइप केला आणि जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे अनुभवाचे दाखले जोडले.

आठवड्याने संस्थेतून लिपिकाचा फोन आला. "मॅडम, तुमच्या दाखल्यांमध्ये कॅलेंडरचं एक पान आलंय. दोन हजार सातचा एप्रिल. मागे दुधाचे हिशेब आहेत कुणाचे तरी. चुकून आलंय का?"

"चूकच आहे ती," मी म्हणाले. "पण जोडलीय मुद्दाम. राहू द्या."